ओठाला हात नाही

हिवाळा संपत आला असताना, एका रविवारी, दुपारची जेवणे आटोपल्यावर, बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावरील टायरच्या दुकानामागच्या गोदामात पुढील प्रकार घडला. गोदाम लांबट होते, छप्पर पत्र्याचे होते आणि तीन भिंतींना छतापर्यंत टायर रचलेले होते. रबर आवाज पिऊन टाकते. म्हणूनच फार वर्षांपूर्वी एका रॉक वाद्यवृंदाने सरावासाठी ही जागा पसंत केली होती. त्या दिवशीचा आरडाओरडा रस्त्यावर पोहोचला नाही, त्याचेही कारण तेच.

हजर असलेल्यांपैकी ड्रम वाजवणारा टायरवाला हा गोदामाचा मालक. गिटार वाजवत गाणारा गायक हा वाद्यवृंदाचा संस्थापक, आणि आता जाहिरातींना चाली लावून सुस्थितीत आलेला. पितळी वाद्ये तिघांकडे होती: ट्रंपेट थोरल्या भावाकडे, ट्रॉम्बोन धाकट्याकडे आणि सॅक्सोफोन त्यांच्या मेव्हण्याकडे. थोरला बसच्या आगारात फिटर होता, धाकटा छापखान्यात, मेव्हण्याचे शिंपीकामाचे दुकान होते. हे सारे साठीच्या अलीकडे-पलीकडे होते. उरलेला एक जण मात्र तिशीतला होता. जुना बास गिटारवाला परदेशी स्थायिक झाल्यामुळे गायकाने हा कीबोर्डवाला नव्याने आणला होता आणि बासचे सूर तो डाव्या हाताने सांभाळीत असे. येत्या शनिवारी शहराच्या नाट्यगृहात, एका पिढीइतक्या खंडानंतर, त्यांचा कार्यक्रम व्हायचा होता. त्यात पितळ असेल की नसेल एवढाच प्रश्न शिल्लक होता; आणि थोरल्याच्या लेखी जगात दुसरा प्रश्नच नव्हता.

रॉक म्हणजे गिटार, अशी एक समजूत रूढ आहे. ती चुकीची नसेल, पण अपुरी खचित आहे. एके काळी दूरदेशींच्या काही वाद्यवृंदांनी गिटारींच्या खांद्याला खांदा भिडवून ट्रंपेट, सॅक्सोफोन आणि ट्रॉम्बोन उभे केले, आणि ज्यांनी ते त्या वयात ऐकले त्यांचे कान कायमचे बदलून गेले. गाणारा आपले दुःख सांगत असतो, गिटार कुरकुरत असते, आणि अकस्मात तिन्ही पितळे एकाच श्वासात, एकाच क्षणी, तोंडावर दार आपटावे तशी कोसळतात. त्यांना ‘साथ’ म्हणणारा मनुष्य ऐकत नसतो. तो घाव असतो. दोघे भाऊ आणि त्यांचा मित्र (मेव्हणा तेव्हा मेव्हणा झालेला नव्हता) या घावांच्या नादाने वेडे झाले होते. थोरला ग्रामोफोनच्या फिरत्या तबकडीच्या कडेवर अंगठा टेकवून तिची गती मंद करी, आणि एका घावात मिसळलेले तीन सूर तिघे जण वेगवेगळे वेचून काढीत. ट्रंपेटचा सूर वर, सॅक्सोफोनचा मध्ये, ट्रॉम्बोनचा खाली. यांतला एक काढून घेतला तर उरतात ती नुसती दोन माणसे. घाव उरत नाही. या मुद्द्यावर तिघांत कधीही मतभेद झाला नाही. बाकी प्रत्येक मुद्द्यावर झाला.

जुन्या दिवसांविषयी ते मोठ्या प्रेमाने बोलत, आणि ऐकणाऱ्याला वाटे की ते दिवस प्रेमाचे असावेत. ते तसे नव्हते. गोदी कामगारांच्या क्लबात एका खलाशाने फेकलेली खुर्ची ड्रमवर पडली, तेव्हा टायरवाल्याने गाणे न थांबवता त्याच खुर्चीवर ठेका धरला, आणि गाणे संपल्यावर ती खुर्ची त्या खलाशाच्या पाठीत मोडली. एका कारखान्याच्या वार्षिक समारंभात धाकट्याने ट्रॉम्बोनची सरकती नळी एका मुकादमाच्या गळ्याखाली रोवून त्याला भिंतीशी दाबून धरले होते, आणि उरलेले गाणे तिघांऐवजी दोघांनी वाजवले म्हणून थोरला त्याच्याशी आठवडाभर बोलला नव्हता. सगळ्यांची गाडी तेव्हा बहीण चालवीत असे. थोरल्याच्या पाठची, धाकट्याची ताई. मांडीवर जड पाना ठेवून ती इंजिन चालूच ठेवी. एकदा मेव्हण्याच्या बरगड्या मोडल्या, तेव्हा गाडीच्या मागच्या भागात तिनेच त्याला आवळून बांधले. पुढे ती परिचारिका झाली, जबड्याच्या शस्त्रक्रिया विभागात मुख्य झाली, आणि त्या बरगड्यांशी लग्नही करून बसली. “मी स्थळ पाहायला गेलो नव्हतो, स्ट्रेचरवरून नेला मला,” असे मेव्हणा सांगत असे.

आपसांतही ते मारामारी करीत, आणि ती लुटुपुटीची नसे. लय कोणी ओढली, कोण उशिरा शिरला, कोणाचा सूर उतरला, यांवरून रक्त निघे. मात्र एक नियम होता आणि तो कोणी कधी मोडला नव्हता: ओठाला हात नाही. फुंकणाऱ्याचा ओठ हे त्याच्या वाद्याचे पहिले अंग. तो फाटला की वाद्य नुसती नळी होऊन राहते. म्हणून मारायचे ते बरगडीत, पोटात, नडगीवर, फार तर कानाखाली. त्याच न्यायाने गिटारवाल्याची आणि कीबोर्डवाल्याची बोटे वर्ज्य, ड्रमवाल्याचे मनगट वर्ज्य. परक्यांशी झुंजताना थोरला डावा हात तोंडावर आडवा धरी. आपल्या माणसांशी झुंजताना मात्र तो दोन्ही हात बरगड्यांशी आवळी आणि तोंड उघडे ठेवी, कारण तिथे कोणी मारणार नाही हे त्याला स्वतःच्या नावाइतके पक्के ठाऊक होते.

त्या रविवारी गायकाने सर्वांना वाद्ये खाली ठेवायला सांगितली आणि कीबोर्डवाल्याला खूण केली. त्याने एक पट्टी दाबली. गोदामात तिन्ही पितळे कोसळली; कोवळी, खणखणीत, एका श्वासातली.

“ओळखलंत?” गायक म्हणाला. “आपण तेव्हा काढलेली तबकडी. तिच्यातून उचललेत. तुम्हीच आहात तिघं. शनिवारी हे वाजेल.”

“आणि आम्ही काय करायचं?” मेव्हण्याने विचारले.

“काळे कोट घालायचे, उभं राहायचं, वाद्य तोंडाला लावायचं. लोकांना काय कळतंय?”

“मग आम्ही तरी कशाला? माझ्या दुकानात दोन पुतळे आहेत, तेच पाठवतो. कोट मापात बसतील, वर चहाही मागायचे नाहीत.”

थोरला हसला नाही. “ते बंद कर,” तो म्हणाला.

“अरे, ऐकून तर घे...”

“ऐकलं. माझाच आवाज माझ्या उरावर आणून बसवतोस होय?”

गायकाने आवाज खाली आणला. समजूत घालणारी माणसे आणतात तसा. “गेल्या रविवारी वरचा सूर तुला लागला नाही. त्याच्या आधीही नाही. फुटला. शनिवारी फुटला तर लोक हसतील.”

“हसू देत.”

“मला हसतील रे! जाहिरातीवर फोटो माझा आहे.”

“तू तोंड उघडलंस की तुला तसेही हसतात. तेव्हा कधी मशीन आणलं नाहीस ते!”

टायरवाला खो खो हसला आणि गायकाने पाहताच खोकू लागला. प्रकरण कदाचित इथेच निवले असते, पण धाकट्याने, ट्रॉम्बोनकडे पाहत, भावाकडे न पाहता, म्हटले, “दादा, तो काही चुकीचं बोलत नाहीये.”

हे त्याने वैराने म्हटले नव्हते. भरल्या नाट्यगृहात भावाचा सूर फुटलेला आणि लोक हसलेले त्याला सोसवले नसते, इतकेच. परंतु प्रेमाने केलेली गद्दारी ही गद्दारी नसते असे ज्याला वाटते त्याला भाऊ नसावेत. थोरल्याने ट्रंपेट जपून टायरांवर ठेवली, धाकट्याकडे चालत गेला आणि त्याच्या बरगडीत गुद्दा मारला. छापखान्यातील यंत्राच्या दांड्याने बसावा तसा तो बसला. धाकटा वाकला, आणि वाकलेल्या अवस्थेतूनच डोके पुढे करून भावाच्या पोटात घुसला. दोघे ड्रमवर पडले. झांज फिरत जाऊन भिंतीला लागली.

“मनगटं सांभाळा!” टायरवाला ओरडला, कोणाची, हे सांगायचे राहून गेले.

गायकाने माइकचा दांडा आडवा धरून थोरल्याच्या नडग्यांवर हाणला. थोरला गुडघ्यांवर आला, त्याने गायकाचा कान पकडला आणि कानाला धरूनच त्याला खाली खेचले. फरशीवर गायकाची भुवई फुटली. धाकटा मागून दोघांनाही लाथा घालीत होता. कोणती कोणाला बसते याचा विचार त्याने सोडून दिला होता. मेव्हण्याने थोरल्याला पाठीमागून कवेत घेतले. लग्न झाल्या दिवसापासून या दोघांचे ‘अरे-तुरे’ गेले होते आणि ते पुन्हा आणण्याइतका राग कोणत्याही मारामारीत आला नव्हता.

“भावोजी, सोडा मला!”

“सोडतो ना, दादा. आधी तुम्ही त्याचा कान सोडा.”

“तुम्ही कोणाच्या बाजूचे?”

“मी मधल्या सुराचा माणूस. तुमचा गुडघा तेवढा माझ्या पोटातून काढा!”

थोरल्याने कोपर मागे मारले. मेव्हण्याचा श्वास सुटला आणि पकडही सुटली. थोरला उठून उभा राहतो तो समोर कीबोर्ड. थोरल्याने त्याच्या लोखंडी घोडीला लाथ मारली. वाद्य तिरपे होऊन फरशीवर आपटले, उजवीकडच्या पट्ट्या दातांसारख्या उडाल्या, आणि एक पट्टी खाली रुतून बसली. त्याबरोबर तिन्ही पितळे वाजू लागली आणि थांबेचनात. तरुणपणचा तो एक घाव, जो कधी क्षणापलीकडे टिकलेला नव्हता, गोदामात अखंड किंचाळत राहिला, आणि त्याच्याखाली ही म्हातारी होत चाललेली माणसे एकमेकांना बडवीत राहिली.

कीबोर्डवाला आतापर्यंत टायरांना पाठ लावून उभा होता. आपले वाद्य मोडलेले पाहताच तो पुढे झाला. कोणीही झाला असता.

थोरल्याने त्याला येताना पाहिले आणि दोन्ही हात बरगड्यांशी आवळले. इथेच त्याची चूक झाली, आणि ती त्याच्यासारख्याच माणसाकडून होऊ शकते. आठवडेच्या आठवडे तो हुज्जत घालत आला होता की हा मनुष्य आपल्या वाद्यवृंदाचा नव्हे, भाडोत्री आहे, उपरा आहे. पण वादात त्याने ज्याला परका ठरवले होते, त्याला मारामारीत तो आपला समजला. ज्या खोलीत सराव होतो त्या खोलीतला माणूस, म्हणजे नियम माहीत असलेला माणूस. त्याने तोंड उघडे ठेवले. ठोसा खांद्यातून आला आणि नेमका तोंडाच्या मध्यावर बसला. वरचा ओठ दातावर चिरडला आणि दात त्यातून आरपार बाहेर आला.

टायरवाल्याने भिंतीतला प्लग उपटला. पितळे थांबली. सगळेच थांबले.

“ओठ,” मेव्हणा म्हणाला.

थोरल्याच्या हनुवटीवरून, गळ्यावरून, शर्टावरून रक्त उतरत होते. धाकट्याने क्षणभर पाहिले. मग त्याने कीबोर्डवाल्याला मानेला धरून खाली आपटले, त्याच्या उजव्या मनगटावर पाय रोवला आणि टायर उचकटण्याची सळई उचलली. आपसांतल्या मारामारीत सळईला हात लागल्याचा प्रसंग आजवर आला नव्हता.

“मला माहीत नव्हतं!” कीबोर्डवाला फरशीवरून ओरडला. “हो, मारलं मी! माझं वाद्य फोडलं त्याने! पण ते ओठाचं मला कोणी सांगितलंच नाही!”

हे खरे होते. कोणीही सांगितले नव्हते. जो नियम आपण प्राणांपलीकडे जपतो तो सांगावा लागतो, हे जपणाऱ्याच्या ध्यानात येत नाही.

“आता कळलं?” धाकटा म्हणाला. “ही बोटं आहेत ना तुझी? पियानोची? बघ हं आता.” सळई वर गेली. मेव्हणा धावला, पण तो दूर होता.

“शोड त्याला.”

थोरला बोलला होता. फाटलेल्या ओठातून अक्षरे नीट बाहेर पडत नव्हती.

“दादा, त्याने तुझा...”

“शोड म्हणतो ना! त्याचं बाशचं काम आहे. ऊठ. वाद्य घे. शुजायच्या आत.”

हे त्या खोलीत फुंकणाऱ्या तिघांनाच कळले. फाटलेला ओठ आधी बधिर होतो आणि मग सुजतो. त्या दोहोंच्या मध्ये अगदी थोडा वेळ असा असतो की दुखत नाही आणि अजून हुकूमही ऐकतो. धाकट्याच्या हातातली सळई फरशीवर पडली. त्याने मनगटावरचा पाय काढला, आणि रडत, नाक शर्टाच्या बाहीला पुसत, ट्रॉम्बोन उचलला. मेव्हण्याने सॅक्सोफोनचा पट्टा गळ्यात घातला. टायरवाल्याने प्लग पुन्हा लावला, ड्रम उलटा झाला होता तो सुलटा केला. कीबोर्डवाला गुडघ्यांवर बसला. वाद्याच्या डावीकडच्या पट्ट्या शाबूत होत्या आणि रुतलेली पट्टी त्याने नखाने उचकटून काढून टाकली. गायक अजून भिंतीशीच बसला होता, भुवईवर हात दाबून.

“गा,” थोरला त्याला म्हणाला.

टायरवाल्याने काठ्या एकमेकींवर आपटून लय दिली.

गायकाने पहिला भाग गायला. वाईट गायला, कारण त्याचा श्वास धड चालत नव्हता. मग थोरल्याचे कोपर किंचित उचलले गेले, तिघांनी एकदम श्वास घेतला, आणि पितळ कोसळले. कीबोर्डातून आले होते त्याच्याशी याचे काहीही साम्य नव्हते. ते कोवळे होते, हे फाटके होते. ट्रंपेटच्या सुरात रक्ताचा घरघराट मिसळला होता, फुंकताना नळीत साठणारे पाणी काढायच्या झडपेतून लाल थेंब फरशीवर पडत होते, आणि तरीही तिन्ही सूर एकाच दाराच्या तीन फळ्यांसारखे एकत्र आपटत होते. दुसऱ्या वेळी ते अधिक जोराने आपटले. तिसऱ्या वेळी टायरांच्या रचलेल्या उतरंडीतून धूळ उडाली. धाकटा भावाच्या तोंडाकडे पाहू शकत नव्हता म्हणून त्याच्या कोपराकडे पाहत होता, आणि पूर्वीही तो कोपराकडेच पाहत आला होता. शेवटी तो वरचा सूर आला. थोरल्याने डोळे मिटले, ट्रंपेट ओठांवर इतकी दाबली की ती आत रुतली, आणि सूर घेतला. तो स्वच्छ नव्हता. पण तो वर होता, जिथे असायला हवा होता तिथे होता, आणि फुटला नाही. लय संपेपर्यंत त्याने तो धरून ठेवला. मग त्याने वाद्य खाली घेतले, तेव्हा त्याच्या काठाला ओठाची एक चिंधी चिकटून आली.

रस्त्यावर कोणालाही काही ऐकू गेले नाही.

गायक उठला. त्याच्या चेहऱ्यावर भुवईचे रक्त आणि डोळ्यांतले पाणी एक झाले होते. “शनिवारी पितळ,” तो म्हणाला. “मशीन बास वाजवेल, बस. मी चुकलो. गाढव आहे मी.”

“ते आम्हाला पहिल्यापासून माहीत आहे,” मेव्हणा म्हणाला.

थोरल्याला हसता येईना. त्याने फक्त मान हलवली आणि धाकट्याच्या डोक्यावर हात ठेवला. ओठ आता झपाट्याने सुजू लागला होता.

बहीण आली तेव्हा तिच्या अंगावर रुग्णालयाचाच गणवेश होता. वाद्ये उचलली जात असताना टायरवाल्याने तिला फोन केला होता. तिने दारातूनच सर्वांवर एक नजर फिरवली.

“नातवंडं झाली तुम्हाला. लाजा नाही वाटत? अहो, तुम्हाला कुठे लागलंय?”

“पोटात. तुझ्या दादाचा गुडघा.”

“बसा तिकडे. आणि तू का रडतोस रे?” हे धाकट्याला. “दादा, इकडे ये. उजेडात.”

तिने थोरल्याला टायरांच्या चवडीवर बसवले, हातमोजे चढवले आणि मोबाइलचा उजेड तोंडावर धरला. ओठाच्या दोन्ही कडा तिने हलकेच उलगडून पाहिल्या. त्याला वाजवताना करतात तसे ओठ आवळायला सांगितले. डावी बाजू आवळली गेली. उजवी तशीच लोंबत राहिली. तिने पुन्हा सांगितले, पुन्हा तेच झाले. मग तिने ट्रंपेटकडे पाहिले, तिच्या काठाकडे पाहिले, आणि तिचा आवाज बदलला.

“लागल्यावर वाजवलंस?”

थोरल्याने मान डोलावली.

“ठोशाने नुसता फाटला होता रे. आतला स्नायू तू दाबून तोडलास.”

“अगं, पण टाके घातले की शनिवारी वाजवेल ना?” गायकाने विचारले. “एकच गाणं. बाकी आम्ही सांभाळू.”

ती हातमोजे काढत होती. सगळे तिच्याकडे पाहत होते. कीबोर्डवालासुद्धा, सुजलेले मनगट छातीशी धरून. थोरलाही पाहत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर अजून त्या वरच्या सुराचा आनंद होता.

“खाता येईल, बोलता येईल,” ती म्हणाली. “वाजवणं संपलं.”